हौसामावशीच्या धवल्यातली नावं

हौसामावशीला मी लघवी तपासायची डबी तीन वेळा दिली आणि तिन्ही वेळा त्या डबीचं झाकण किती घट्ट बसतं याचं कौतुक ऐकून परत आले. पहिल्या डबीत तिने हळद भरली, दुसरीत कुंकू, तिसरीत नातीच्या लग्नासाठी निवडलेल्या अक्षता. मी कळवा नाक्यावरच्या एका लॅबमध्ये काउंटरवर बसते. त्यामुळे ही डबी निर्जंतुक असते, ती अशी वाया घालवायची नसते, हे मी तिला माझ्या नेहमीच्या चढ्या आवाजात सुनावलं. त्यावर ती म्हणाली की स्वच्छ आहे म्हणूनच तर देवाच्या कामाला घेतली. या बाईपुढे कोणाची मात्रा चालत नाही.

हौसामावशी माझी घरमालकीण. खारेगावात तिच्या जुन्या घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर मी बावीस वर्षं राहते आहे. लहानपणी ती आईबरोबर खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढायची. आता मालकीण झाली तरी जिना रोज स्वतः झाडते आणि झाडता झाडता कोणाच्या दारात किती चपला आहेत ते बघून ठेवते. तोंडाने फटकळ. मीही काही कमी नाही, म्हणून आमचं जमतं.

पण गावात तिचा मान इमारतीमुळे नाही. ती धवलारीण आहे. आगरी घरात लग्न निघालं की धवलारीण पाटावर बसते आणि धवले गाते. आधी देवांना बोलावते, मग गावदेवीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन. या रे या, मांडवात या, पोरीला आशीर्वाद द्या. मावशी हे तिच्या सासूकडून शिकली. सासूने घालून दिलेला एक नियम ती कधी मोडत नाही. एकदा मांडी घालून धवला धरला की तो संपेपर्यंत उठायचं नाही. तीन तास लागोत नाही तर चार. म्हणून धवल्याच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि तरीही लघवीला लागली तर धरून ठेवते. वय अडुसष्ट, चौदा वर्षांचा मधुमेह, आणि लग्नसराईत आठवड्याला तीन-तीन मांडव.

मी तिला सांगून थकले होते की साखर असलेल्या माणसाने असं करायचं नसतं. तिचं उत्तर ठरलेलं. जळजळ होत नाही, दुखत नाही, मग तपासायचं कशाला? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी डब्या देते आणि रिपोर्ट देते, मी काही डॉक्टर नाही. पण उत्तर नसलं की मी आवाज चढवते, तसा जिन्यातच चढवला आणि खाली निघून आले.

यंदाच्या मे महिन्यात समृद्धीचं लग्न निघालं. समृद्धी म्हणजे मावशीचा मुलगा परशुराम आणि सून जया यांची एकुलती एक लेक. नवरामुलगा दोन गल्ल्या पलीकडच्या गोविंदाशेठचा विकी. गोविंदाशेठच्या घरात धवलारीण उरली नव्हती, म्हणून दोन्ही घरांच्या पितरांना मावशीनेच एका मांडवात बोलवायचं असं ठरलं. नातीचं लग्न आणि वर हा मान, त्यामुळे मावशीचे पाय जमिनीवर नव्हते.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मात्र तिचं काहीतरी बिनसलं. मे महिन्याच्या उकाड्यात ती गोधडी घेऊन निजायची. जेवण ताटात तसंच राहायचं. मला दोनदा जया म्हणून हाक मारली. न्हाणीघरात उग्र वास यायचा आणि जया तिथे फिनेल ओतायची. घरच्या मशीनवर साखर तीनशेच्या वर दिसत होती. दगदग झाली आहे, लग्न होऊ दे, मग सगळ्या तपासण्या करू, असं परशुराम म्हणाला. जया तापाची गोळी देत राहिली. आणि मी, जी रोज वीस माणसांना डब्या देते, मीही म्हटलं, बरं, लग्न होऊ दे.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला मावशी पाटावर बसली. इमारतीशेजारच्या मैदानात मांडव होता. पुढे बायका, मागे पुरुष, सगळ्यात मागे चहा-नाश्त्याचं टेबल. ते टेबल माझ्याकडे होतं. समृद्धीच्या मैत्रिणी मोबाइलवर शूटिंग करत फिरत होत्या. मावशीचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, पण अडुसष्ट वर्षांच्या बाईचा आवाज रोज कुठून खणखणीत लागणार? देव झाले, गावदेवी झाली. पितरांची नावं सुरू झाली, आणि मी वडे वाटायला घेतले.

अचानक मांडव गप्प झाला. हातातला चिमटा तसाच धरून मी पुढे पाहिलं. गोविंदाशेठ उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मावशीने त्यांच्या आज्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं आणि त्याच सुरात पुढे त्यांचं घेतलं. या रे या, गोविंदा या, मांडवात या.

जिवंत माणसाला गेलेल्यांत बसवलं. तेही त्याच्या मुलाच्या लग्नात, सगळ्या गावासमोर. गोविंदाशेठची बहीण रडायला लागली. त्यांच्याकडचे पुरुष उठून पुढे आले. हिने मुद्दाम केलं, कोणी म्हणालं. हिच्या तोंडून देव बोलला, दुसरं कोणी म्हणालं, आणि ते तर पहिल्यापेक्षा वाईट होतं. परशुराम हात जोडून एकेकाची समजूत घालत होता. समृद्धी हळदीच्या साडीत मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. आणि या सगळ्यात मावशी थांबलीच नव्हती. मागेपुढे डुलत ती गात होती, आणि तिने गोविंदाचं नाव पुन्हा घेतलं.

मी बायकांना बाजूला करत तिच्यापर्यंत पोचले. तिला जवळून पाहिलं. ओठ कोरडे पडून फाटले होते. नखं निळसर. बसल्या जागी ती चार जिने चढून आल्यासारखी धापा टाकत होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला आणि हात हातात घेतले तर बर्फासारखे गार. मी विचारलं, मावशी, मी कोण? तिने माझ्याकडे पाहिलं, पण मी तिला दिसत नव्हते.

"मीठ भरून ठेवलाय," ती म्हणाली. "होरी आली काय?"

मिठाची होडी. ती बारा वर्षांची होऊन मिठागरात उभी होती. मी जयाला साखरेचं मशीन आणायला पळवलं. चारशे बारा. मी परशुरामला म्हटलं की हिला आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्यायला हवं, ही देवाची भाषा नाही, हा आजार आहे. तो बिचारा दोन्हीकडून चेपला गेला होता. धवला अर्धा राहिलेला, व्याही संतापलेले, आई उठायला तयार नाही. तेवढ्यात मागून कोणीतरी देवदेवस्की बघणाऱ्या भगताला फोन लावला. तो अर्ध्या तासात येतो म्हणाला. तो आल्याशिवाय हिला हलवायचं नाही असं दहा तोंडांनी ठरवून टाकलं.

अर्धा तास. मी तिची नाडी धरून बसले होते आणि ती मला नीट लागत नव्हती. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. माणूस समोर जातंय आणि यांना नावाची पडली आहे. मग वाटलं, नावाचीच पडली आहे ना यांना? मी उठले आणि गोविंदाशेठसमोर जाऊन उभी राहिले.

"शेठ, ज्या धवलारणीने नाव घेतलं तिनेच ते मागे घ्यायचं असतं," मी म्हणाले. "ती गेली तर तुमचं नाव तिकडेच राहील."

त्यांनी विचारलं, हे कोण बोललं? मी म्हटलं, मावशीनेच मला सांगितलंय, बावीस वर्षं तिच्या घरात राहते आहे मी. मग आत्ताच घेऊ दे मागे, ते म्हणाले. मी म्हटलं, तिला मी कोण ते कळत नाहीये, तुमचं नाव ती कुठून मागे घेणार? आधी तिला शुद्धीवर आणा.

जुनीजाणती माणसं एकमेकांकडे बघत होती. असा रिवाज आहे हे कोणाला माहीत नव्हतं, पण नाही असंही छातीवर हात ठेवून कोणी म्हणेना. गोविंदाशेठनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

त्यांनी तिला उचलायला हात घातला तर तिने पाट घट्ट धरला. कसलंच भान नव्हतं, पण नियम लक्षात होता. "धवला अर्धा सोरून उठाचा नाय," ती पुटपुटत होती. दोघांनी ओढलं तरी बोटं सुटेनात. तेव्हा जया तिच्या शेजारी येऊन मांडी घालून बसली. पंचवीस वर्षं सासूच्या मागे बसून ऐकलेलं, पण एकदाही स्वतः न म्हटलेलं. तिने कापऱ्या आवाजात पुढची ओळ उचलली. मावशी क्षणभर ऐकत राहिली आणि मग तिच्या बोटांनी पाट सोडला. जया तिथेच गात राहिली, आम्ही गाडीकडे धावलो.

मागच्या सीटवर मावशीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. परशुराम पुढे बसला, गोविंदाशेठ स्वतः चालवत होते. कळवा नाक्यावर गाड्या अडकलेल्या, पुलाच्या तोंडाशी एक टँकर आडवा. गोविंदाशेठनी हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही. दर मिनिटाला आरशात बघून ते विचारत, बोलते का? मी तिचे श्वास मोजत होते. मिनिटाला बत्तीस. मग छत्तीस. पुलावर तिला हुडहुडी भरली, इतकी की तिचे दात वाजताना मला ऐकू येत होते. आणि माझी साडी ओली झाली. तो वास मी ओळखला. लॅबमध्ये रोज येतो. न्हाणीघरातलाही हाच होता आणि आम्ही त्यावर फिनेल ओतत होतो. मी पदराने तिचे पाय झाकले. गोविंदाशेठच्या नव्या गाडीची सीट गेली होती, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"हौसाबाय, मी हाय गो," ते समोर बघतच म्हणाले. "मी जित्ता हाय. आयकतेस ना?"

खोपटजवळच्या एका हॉस्पिटलात तिला आत घेतलं तेव्हा वरचं ब्लडप्रेशर ऐंशी होतं. तिथली डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढी. कॅथेटर घातल्यावर पिशवीत जे उतरलं ते गढूळ होतं, त्यात रक्त होतं. तिने आम्हाला बाहेर येऊन सांगितलं की लघवीच्या मार्गातला संसर्ग वर चढून दोन्ही किडन्यांत गेलाय आणि तिथून रक्तात पसरलाय. पुढचे दोन दिवस काही सांगता येणार नाही. परशुरामने विचारलं की तिला तर कधी जळजळ झाली नाही, दुखलं नाही, मग एवढं कसं? डॉक्टर म्हणाली की बरीच वर्षं साखर वाढलेली असली की मूत्राशयाच्या नसा बधिर होतात. त्रास कळत नाही, मूत्राशय पूर्ण रिकामंही होत नाही. आत राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि त्यात साखर असली की त्यांचं फावतं. म्हाताऱ्या माणसात तर कधी कधी पहिलं लक्षण हेच असतं, माणूस भलतंसलतं बोलायला लागतो.

जे उत्तर मला जिन्यात हवं होतं ते मला तिथे मिळालं. दुखत नाही, हेच दुखणं होतं.

दोन दिवस म्हणता म्हणता चार गेले. लग्न त्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे संध्याकाळी लागलं होतं, कारण मावशीसाठी थांबवायचं तर किती दिवस थांबवायचं हे कोणाला माहीत नव्हतं. गोविंदाशेठ मुलावर अक्षता टाकून, शर्टावर हळदीचे डाग तसेच घेऊन आयसीयूच्या बाहेर परत येऊन बसले. परशुराम घर आणि हॉस्पिटल अशी धावाधाव करत होता, पण ते हलले नाहीत. दिवसातून तीनदा डॉक्टरला एकच प्रश्न. शुद्धीवर आली का? बोलते का? डॉक्टरला वाटलं हे पेशंटचे सख्खे भाऊ. मी तिला खरं सांगायच्या भानगडीत पडले नाही. मला त्यांची दयाही येत होती आणि आतून भीतीही वाटत होती. ती गेली असती तर ती गेल्याचं दुःख होतंच, पण वर हा धडधाकट माणूस माझ्या एका थापेखाली आयुष्यभर वाकून जगला असता.

पाचव्या दिवशी मावशीने डोळे उघडले आणि मला म्हणाली की तुझे केस विंचर. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. सातव्या दिवशी तिला वॉर्डात आणलं आणि त्याच दुपारी गोविंदाशेठ तिच्या पायाशी येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं. नाव कसं घेतलं गेलं, मग मी काय म्हणाले. मावशीला त्यातलं काही आठवत नव्हतं. ती ऐकत होती आणि बघत माझ्याकडे होती. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मग तिने जेवणाच्या ट्रेमधला चिमूटभर भात उचलला, त्यांच्या अंगावरून ओवाळला आणि धाग्याएवढ्या आवाजात गायली की गोविंदा इथेच आहे, गोविंदा मांडवातच बसलाय, त्याला पानसुपारी द्या. तो आडदांड माणूस हमसून हमसून रडला. तो गेल्यावर ती मला म्हणाली, असा रिवाज नाही. मी म्हटलं, माहीत आहे. ती इतकी हसली की नर्स बघायला आली.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला हवं. मी ही गोष्ट सगळीकडे सांगितली. लॅबमध्ये, जिन्यात, भाजीवाल्याकडे. मी कसं ओळखलं, मी कशी थाप मारली, मी कसं वाचवलं. ऐकणारे वाहवा करायचे आणि मी दर वेळी ती थोडी अधिक रंगवायचे.

दहाव्या दिवशी समृद्धी भेटायला आली. तिच्या मैत्रिणीने धवल्याचं शूटिंग पाठवलं होतं. जया नको नको म्हणत असताना मावशीने ते लावायला सांगितलं. कुठे चुकले ते बघते, म्हणाली. डोळे मिटून ती स्वतःचं गाणं ऐकत पडली. देव झाले, गावदेवी झाली. तिच्या सासऱ्यांचं नाव आलं, नवऱ्याचं आलं. तिने एकदम हात वर केला.

"थांब. मागं घे."

समृद्धीने मागे घेतलं. या वेळी आम्ही सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. सासऱ्यांचं नाव. नवऱ्याचं नाव. आणि मग, त्याच सुरात, अगदी स्वच्छ, या गो या, हौसा या, मांडवात या. पुढे गोविंदाशेठचा आजा, बाप, आणि मग त्यांचं स्वतःचं, आणि तिथे मांडव गप्प झाला. पण त्याआधी, हौसाच्या नावाला, कोणी गप्प झालं नव्हतं. बायका बोलत होत्या. मोबाइल धरणारी मुलगी चहाच्या टेबलाजवळ उभी असावी, कारण ते नाव झाकून टाकत एक आवाज मोठ्याने हसत म्हणत होता की वडे गरम आहेत तोवर घ्या, आणि चटणी वेगळी द्या. तो माझा आवाज होता.

जयाने माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. समृद्धीने मोबाइल बंद केला.

"माजा पन घेतला व्हता," मावशी म्हणाली. "कोनी उठला नाय."

"मावशी, मला ऐकूच आलं नाही गं."

"गोविंदाचा आला ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उलट बोलले असते, मला ते जमतं. मला लाज वाटली, इतकी की तिथून उठून जावंसं वाटलं. गोविंदाशेठचं नाव आलं नसतं तर तिने तो धवला पुरा केला असता, आम्ही वडे खाल्ले असते, आणि ती पाटावरच गेली असती.

"आता तू घे माजा नाव मागं," ती म्हणाली.

मी म्हटलं मला धवला येत नाही, जयाला घेऊ दे. पण तिला जया नको होती. नुसतं नाव घे, म्हणाली, गाऊ नको. बावीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारली नव्हती. मी तिचा हात हातात घेतला. तो आता कोमट होता.

"हौसा," मी म्हणाले.

"मोठ्यान," ती म्हणाली.